बिनपगारी कामगारांचा हजेरीपट

वडखळ म्हटले की लोकांना नाका आठवतो. मुंबई-गोवा महामार्गावरून अलिबागचा रस्ता इथेच फुटतो आणि गाड्या तुंबतात. पण नाक्यापासून थोडे आत गेले की खारेपाट लागतो. खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवले आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या घामाने भातजमीन केली, तो हा मुलूख. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला धरमतरची खाडी आणि पाली-नागोठण्याकडून येणारी अंबा नदी. या भागातल्या एका हायस्कूलात मी विज्ञान शिकवते.

‘परिसंस्थेच्या सेवा’ हा शब्द पुस्तकात आला की मुले व्याख्या पाठ करून मोकळी होतात. म्हणून मी फळ्यावर हजेरीपट आखते. बहुतेकांचे आईवडील रोजंदारीवर नाहीतर कंत्राटावर कामाला. हजेरी, खाडा, मजुरी हे शब्द मुलांना घरूनच ठाऊक. पहिल्या रकान्यात कामगार, दुसऱ्यात त्याचे काम आणि तिसऱ्यात खाडा झाला तर काय होईल.

रकाने मुलेच भरतात. तिवर आणि चिपी : उधाणाच्या लाटेचा जोर मोडणे, गाळ धरून ठेवणे, कोलंबी-चिंबोऱ्यांची पिल्ले सांभाळणे. डोंगरावरची झाडे व गवत : पावसाचा मार अंगावर घेणे, माती धरणे, पाणी जमिनीत मुरवणे. माती : ते पाणी उन्हाळ्यात झऱ्याला, विहिरीला पुरवणे. मजुरी कुणालाच नाही. म्हणून त्यांच्या कामाची किंमतही कुणी धरत नाही.

मग दोन घमेली तिरपी ठेवतो. एकात नुसती माती, दुसऱ्यात गवतासकट उचललेले ढेकूळ. दोन्हींवर तांब्याभर पाणी ओततो. एकाखाली लाल गढूळ लोंढा, दुसऱ्याखाली थोडेसे निवळ पाणी. डोंगर बोडका झाला की हाच गाळ नदीच्या पात्रात बसतो, पात्र उथळ होते आणि वरचा पूर व खालचे उधाण एका वेळी आले तर बांधावर दुहेरी ताण पडतो.

एका मुलीने सरळ विचारले, “मॅडम, आमच्या नावावर जमीनच नाही. बांध फुटला तर आमचे काय जाणार?”

उत्तर मी दिले नाही. वर्गाने मिळून हिशोब केला. बांधाला खांड गेली की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढचे दोन-तीन पावसाळे भात धड येत नाही. म्हणजे तिच्या आईची लावणी गेली, कापणी गेली, झोडणी गेली. गोड्या पाण्याची विहीर मचूळ झाली. पंचनामा होतो तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याचा. मजुराच्या बुडालेल्या दिवसांचा पंचनामा होत नाही. मुलगी वही घेऊन तेच लिहीत बसली.

दुरुस्तीही हातानेच होते. डोंगरउतारावर समतल चर, ओहोळात दगडी बांध, पावसाळा संपता संपता सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा. खाडीकडे भरतीची वाट मोकळी ठेवली तर तिवराचे बी आपोआप रुजते. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडण्यास मनाई केली. नववीच्या मुलांना हे ठाऊक असले, तर कोयता उचलणाऱ्याला ती अडवू शकतात.

याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि आपला पाण्यावरचा हक्क जगाला दाखवला. तळ्यात पाणीच उरले नाही, तर त्या हक्काचे करायचे काय?

पालकांनो, मुले घरी येऊन तुमच्या खाड्यांचा, गोड्या विहिरीचा, जुन्या बांधाचा हिशोब विचारतील. कामाने दमला असाल, तरी सांगा. बांध कुठे फुटला होता आणि कुणाच्या हातांनी बांधला, हे पुस्तकात छापलेले नाही. ते तुम्हालाच माहीत आहे.