तंबोऱ्यापासून किती लांब?

मैफलीचे फोटो काढू लागलेली मुलं पहिला प्रश्न विचारतात तो लेन्सचा. "काका, ८५ आणि १३५ अशा दोन प्राइम घेऊ, की थांबून, पैसे साठवून एकच ७०-२०० घेऊ?" मी उलट विचारतो, "तू बसणार कुठे?" त्यांना वाटतं, काका टाळतायत.

टाळत नसतो. रस्त्यावर, लग्नात, किल्ल्यावर फोटोग्राफरला चार पावलं पुढे-मागे जाता येतं. गाण्यात येत नाही. एकदा षड्ज लागला की जिथे मांडी घातली तिथेच मध्यंतरापर्यंत मुक्काम. मध्येच उठलात तर मागच्या चार रांगा पाठीवर डोळे रोखतात आणि त्यांचं काहीच चुकत नाही. 'प्राइम लेन्सवाल्याने पायांनी झूम करावं' हा फोटोग्राफीच्या प्रत्येक वर्गात फुकट मिळणारा सल्ला इथे पहिल्या आलापातच निकामी होतो. म्हणून लेन्सच्या आधी जागा.

आमच्या आधीच्या पिढीला हा पेच नव्हता, कारण निवडच नव्हती. ३५ मिलीमीटरच्या स्थिरचित्र कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स बाजारात आली १९५९ मध्ये. फोइग्टलेंडरची झूमार, ३६ ते ८२ मिलीमीटर, एफ २.८. मैफलीच्या दृष्टीने ती आखूडच. पुढे सत्तरच्या दशकात फोटोग्राफरांच्या खांद्यावर दिसू लागलेली निकॉनची ८०-२०० होती एफ ४.५ ची. एफ १.८ ची ८५ तिच्या सहापट प्रकाश आत घेते. ४०० च्या फिल्मवर, रात्रीच्या मांडवात, दोन पिवळ्या दिव्यांखाली सहापट म्हणजे फोटो मिळणं आणि न मिळणं यातला फरक. त्या काळातल्या मैफलींच्या फोटोंत प्राइम लेन्सची जी 'तपश्चर्या' आज आपल्याला दिसते, तिच्यात सौंदर्यदृष्टीपेक्षा अंधाराचा वाटा मोठा होता. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एफ २.८ च्या लांब झूम रुळल्या, मग डिजिटल आलं, आयएसओ ३२०० वर काढलेला फोटो छापण्याजोगा निघू लागला, आणि तेव्हा कुठे हा प्रश्न खऱ्या अर्थाने विचारता येऊ लागला.

तरी प्रकाशाचं गणित संपलेलं नाही. सभागृहातल्या साधारण उजेडात एफ २.८ वर, शटर १/२०० ठेवलं तर आयएसओ ३२०० च्या आसपास जावं लागतं. तिथेच एफ १.८ ची लेन्स १३०० मध्ये भागवते. गायकासाठी हा फरक सोसता येतो. तबलजीसाठी नाही. द्रुत तीनतालात बोटं थिजवायची तर १/५०० तरी हवं, आणि तिथे झूमचा आयएसओ ८००० पर्यंत चढतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथे मदतीला येत नाही. ते तुमच्या हाताचा कंप शोषतं, वाजवणाऱ्याचा हात थांबवत नाही. दुकानदार हे सांगत नाहीत. मला स्वतःला पूर्ण थिजलेली बोटं आवडतही नाहीत, तबला बंद पडल्यासारखा दिसतो. १/१२५ वर मनगट स्थिर आणि बोटांचा धूर झालेला, हे बघायला बरं वाटतं. पण तो निर्णय आपला असावा, लेन्सने लादलेला नसावा.

आता मूळ मुद्दा. गायकाच्या भोवती साधारण दोन मीटर रुंदीची चौकट धरायची आहे असं समजा, म्हणजे चेहरा, दोन्ही हात, मांडीवरचं स्वरमंडल आणि मागे तंबोरेवाले. ही चौकट तीन जागांवरून मिळते. दहा मीटरवरून २०० मिलीमीटरने, चार मीटरवरून ८५ ने आणि दोन मीटरवरून ३५ ने. थोडाफार फरक सोडला तर गायक तिन्हींत तेवढाच मोठा. पण त्याच्यामागे एक मीटरवर बसलेली तंबोरेवाली मुलगी? दहा मीटरवरून ती गायकाच्या नऊ दशांश आकाराची दिसते, म्हणजे जवळजवळ त्याच्या खांद्याला खांदा लावून. चार मीटरवरून चार पंचमांश. दोन मीटरवरून दोन तृतीयांश. ती मागे सरकते, लहान होते, आणि गायक एकटा पुढे येतो. लांब लेन्स माणसांना जवळ आणते, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते काम अंतर करतं. चार मीटरवर बसून ७०-२०० ची रिंग ८५ वर आणा, एटी फाइव्हसारखंच चित्र मिळेल. आकारांचं नातं लेन्स लावण्याच्या आधी, बूड टेकलं तेव्हाच ठरलेलं असतं.

आणि हे नातं नुसतं भूमितीचं नसतं. तंबोऱ्याच्या दोन खुंट्या गायकाच्या कानांमागून वर आलेल्या, मागच्या शिष्येचा चेहरा गुरूच्या चेहऱ्याला लागून, तिची नजर खाली आणि ओठांवर तोच स्वर: असं चित्र लांबूनच मिळतं. ख्यालगायनात गुरूच्या मागे बसून गळा देणं ही शिकण्याची एक पायरी आहे. ती पायरी एका फ्रेममध्ये दाखवायची तर दहा-बारा मीटर मागे जाण्यावाचून इलाज नाही. मंचाच्या कडेला चिकटून बसणाऱ्या फोटोग्राफरला गायक मिळतो, परंपरा मिळत नाही. वाक्य जरा मोठं झालं, पण राहू दे.

मंचाच्या कडेचा आणखी एक तोटा. मंच तीन-साडेतीन फूट उंच, गायक त्यावर मांडी घालून, आणि तुम्ही खाली सतरंजीवर. ८५ लावून वर बघितलं की हनुवटी, नाकपुड्या आणि छताचे दिवे. त्यात आकाराची तान चालू असेल तर काही बोलायलाच नको. मागे सरकाल तसा हा कोन सौम्य होतो. म्हणून मोठ्या महोत्सवात मी निमूटपणे ७०-२०० नेतो. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव घ्या. असल्या अफाट मांडवात गायकापर्यंतचं अंतर तुमच्या हातात नसतं. त्यातून दुपारी सुरू होणाऱ्या सत्रात कापडातून गाळून येणारा दिवस आणि मंचावरचे दिवे एकमेकांशी भांडत असतात. अंधार पडेपर्यंत उजेड दर अर्ध्या तासाला बदलतो. तिथे दोन प्राइम अदलाबदल करत बसणारा माणूस धुळीत सेन्सर उघडा टाकतो आणि नेमकी समही चुकवतो.

तरीही प्राइम सुटत नाही, त्याचं कारण ही समच आहे.

विलंबित एकतालाचं एक आवर्तन आजकाल मिनिटभर चालतं. त्या मिनिटात गायक कुठून कुठे जाणार हे ऐकणाऱ्याला ढोबळपणे कळतं: आलाप उलगडतो, स्वर वर सरकतो, मग मुखड्याकडे वळण. समेवर येताना मान झुकते, हात खाली येतो, आणि त्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात चेहऱ्यावर जे सुटलेपण येतं तो फोटो. ऐन समेवर तोंड उघडं असतं. त्या क्षणाच्या किंचित पुढे जावं. हातात १३५ असेल तर चौकट ठरलेली, करण्यासारखं काही उरलेलं नसतं, म्हणून माणूस ऐकतो. ऐकतो म्हणून त्याला सम आधीच दिसते. झूमवाल्यांचे डावे हात मी शेजारून पाहिलेले आहेत. चेहरा, मग हात, मग तबला, मग तंबोऱ्याची बोटं, सतत रिंग फिरतेय. सारखी भाजी ढवळत राहिलं की ती खाली लागत नाही हे खरं, पण शिजतही नाही धड. सम येते तेव्हा रिंग ११० आणि १६० च्या मध्ये कुठेतरी, अर्धा हात कापलेला. झूमने चांगलं काम करणारेही आहेत. ते आवर्तन सुरू होतानाच चौकट ठरवतात आणि रिंगवरचा हात काढून घेतात. म्हणजे तेवढ्यापुरती त्यांची झूम प्राइमच होते. जुगलबंदी याला अपवाद. तिथे सवाल एकाच्या हातात आणि जबाब दुसऱ्याच्या चेहऱ्यावर असतो, दोघांत तीन मीटरचं अंतर, आणि रिंग फिरवण्यावाचून गत्यंतर नसतं.

घरगुती बैठकीत मात्र झूम नकोच. पंचवीस-तीस माणसं, दिवाणखान्यातला उजेड, गायक हाताच्या अंतरावर. दीड किलोचा तो पांढरा किंवा काळा नळा कुणाच्याही तोंडासमोर धरणं हा उद्धटपणा आहे. हल्लीचे नळे किलोभरावर आले आहेत, तरी तेच. शिवाय २०० ला तिथे जागाच नसते. ३५ किंवा ५०, बस्स. सगळ्यात स्वस्त ५० ही एफ १.८ ची, दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमची, आणि घरच्या मैफलीत तिच्याहून महागडी लेन्स काय जास्त देते हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. इथे गायकाला तुम्ही दिसता. तो तुमच्याकडे बघून दादही घेतो. काही वेळा फोटो न काढता दाद देणं हेच त्या क्षणी जास्त रास्त असतं.

आवाजाचं सांगायला हवं. आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा खटका आलापात तीन रांगांपर्यंत ऐकू जातो. मिररलेसने ती लाज वाचवली, पण मूक शटरवर एलईडी दिव्यांखाली चित्रात आडवे पट्टे उमटतात आणि वेगात फिरणारी तबल्याची बोटं वाकडी होतात. मी आलापात मूक शटर ठेवतो, द्रुतात तबल्याच्या आवाजाखाली साध्या शटरवर येतो. लेन्स प्राइम असो की झूम, यात फरक पडत नाही.

आणि कुठल्याच लेन्सने न सुटणारी गोष्ट म्हणजे माइक. त्याचा दांडा तोंडासमोरून आडवा जातो आणि रिंग कितीही फिरवा, तो चेहऱ्याबरोबरच मोठा होतो. तो हलवायचा एकच उपाय, आपण एक फूट बाजूला बसणं. ख्यालाच्या मैफलीत तबला सहसा गायकाच्या उजव्या हाताला असतो, म्हणजे प्रेक्षकांच्या डावीकडे. समेवर गायक तबलजीकडे वळतो. डावीकडे बसलात तर तो वळलेला चेहरा मिळतो. संवादिनीच्या बाजूला बसलात तर कान.

म्हणून परवा विचारायला आलेल्या मुलाला मी सांगितलं, ८५ घेऊन टाक, जुनी मिळाली तर जुनी. ७०-२०० मोठ्या महोत्सवापुरती भाड्याने आण; पुण्या-मुंबईत मिळते. आणताना तिची ट्रायपॉड कॉलर मागून घे, दुकानातली पोरं ती हमखास विसरतात. छोटा मोनोपॉड मांडीच्या बेचक्यात उभा करून त्यावर कॉलर टेकवली की दोन तास हात भरून येत नाही. आणि कार्यक्रमाच्या तासभर आधी जा. साउंडवाला माइक लावत असतो, त्याला चहा पाज, स्टँड कुठल्या बाजूने येणार ते विचार, आणि मगच सतरंजीवर रुमाल टाक.