राजधानी पाहायला ठाण्याला उतरा

राजधानी पाहायची म्हणजे दिल्ली, जयपूर, नाहीतर रायगड. डोंबिवलीच्या माणसाला ‘ठाण्याला राजधानी बघायला चाललोय’ म्हटलं तर तो क्षणभर थबकतो. आपल्यासाठी ठाणं म्हणजे गाडी बदलायची जागा. पण उत्तर कोकणच्या शिलाहार राजांनी इथूनच राज्य केलं. त्यांची आधीची राजधानी पुरी. पुढे कारभार श्रीस्थानकात, म्हणजे ठाण्यात आला. ‘तगरपुरपरमेश्वर’ हे त्यांचं बिरुद. धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे ते तगर. मूळ गावाचा अभिमान राजांनी बिरुदात जपला.

म्हणून एका रविवारी लोकलने ठाण्याला गेलो, ते फक्त शहर पाहायला. पश्चिमेला उतरून जांभळी नाक्याच्या बाजारातून वाट काढली की कौपिनेश्वराचं देऊळ लागतं. हे देवस्थान शिलाहारांच्या काळातलं मानलं जातं. आजचं देऊळ मात्र पेशवाईतलं: १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. गाभाऱ्यातली पिंड एवढी भव्य आहे की राजधानीचं दैवत म्हणून मनाला ती लगेच पटते. बाहेर मासुंदा तलाव, त्याच्या काठावर सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक या शहरात मारले गेले, आणि पुढे ओदोरिक नावाचा प्रवासी त्यांच्या अस्थी थेट चीनपर्यंत घेऊन गेला. दूरदूरचे लोक उतरत असत असं हे बंदर होतं.

राजवाडा कुठे होता, हे विचारायची सोय नाही. पण एक जागा बाहेरून तरी पाहावी: ठाण्याचा किल्ला, आजचं मध्यवर्ती कारागृह. पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. याच किल्ल्यात १७८७ मध्ये पायाचं खोदकाम चालू असताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला, शके ९३९ म्हणजे इसवी सन १०१७ चा. तुरुंगाच्या पायाखाली राजधानी आहे ती अशी. आणि याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले. या भिंतीपाशी हात आपोआप जोडले जातात.

मला विचाराल तर या राजधानीचं खरं वैभव तिच्या ग्रंथांत आहे. गुजरातेतल्या लाट देशातून सोड्ढल नावाचा कवी इथे आला. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी या तिघा भावांनी पाठोपाठ राज्य केलं, तिघांनीही त्याचा मान ठेवला, आणि त्याने ‘उदयसुंदरीकथा’ लिहिली. बाराव्या शतकातला पहिला अपरादित्य तर स्वतःच ग्रंथकार. याज्ञवल्क्यस्मृतीवरची त्याची टीका ‘अपरार्क’ नावाने धर्मशास्त्रात आजही आदराने घेतली जाते. पुण्याच्या आनंदाश्रमाने ती छापली. त्याने तेजकंठ नावाचा पंडित दूत म्हणून काश्मीरला पाठवला होता, आणि तिथल्या विद्वानांच्या सभेत तो बसल्याची नोंद मंखाच्या ‘श्रीकंठचरित’ काव्यात आहे. खाडीकाठच्या या गावातून माणूस काश्मीरला जातो, तो विद्येच्या बळावर! ठाण्याच्या प्रत्येक शाळेत मुलांना हे सांगायला हवं.

दगडातलं वैभव पाहायला मात्र पुन्हा गाडीत बसावं लागतं. कळवा, मुंब्रा, दिवा करत गाडी उल्हास नदीच्या खाडीलगत धावते. त्या काळी हाच पाण्याचा रस्ता होता, आणि त्याच्या वरच्या टोकाला कल्याण. हे बंदर तर शिलाहारांहूनही जुनं, कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत त्याचं नाव आहे. १६५७ मध्ये शिवरायांनी ते घेतलं आणि दुर्गाडीच्या पायथ्याशी गलबतं बांधायला घेतली.

पुढे अंबरनाथ. वालधुनीच्या काठावर काळ्या दगडाचं शिवमंदिर उभं आहे, शके ९८२ म्हणजे १०६० सालचं. उत्तरेकडच्या दाराच्या वरच्या बाजूला आतून शिलालेख आहे, त्यात मामवाणी म्हणजे मुम्मुणी राजाचं नाव आहे. बाहेरच्या भिंतीवर बोटभर जागा मोकळी नाही. देव, अप्सरा, हत्ती, आणि शिखरावर चढत जाणाऱ्या लहान लहान शिखरांच्या ओळी. एका कोनाड्यासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. झिजलेल्या चेहऱ्यावरचा भाव अजून शाबूत होता. गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि डोक्यावर शिखर उघडं असल्याने आत थेट आभाळातला उजेड पडतो. नऊशे साठहून अधिक पावसाळे या दगडाने झेलले आहेत. ज्या राजधानीने हे उभं केलं तिला दुय्यम मानण्याचं काही कारण नाही.

१२६५ च्या सुमारास देवगिरीच्या महादेव यादवाशी लढताना शेवटचा राजा सोमेश्वर समुद्रात बुडाला आणि हे राज्य संपलं. वा. वि. मिराशींनी या घराण्याचे लेख गोळा करून मराठीतही त्यांचा इतिहास लिहिला आहे. जाण्याआधी तो जरूर वाचा. महाशिवरात्रीला अंबरनाथला मोठी जत्रा भरते. शिल्पं नीट पाहायची असतील तर तो दिवस सोडून, सकाळच्या उन्हात जा, आणि मुलांना बरोबर घेऊन जा.