माळावरचा आणि कुंडातला

माळढोक. उभा राहिला की मीटरभर उंच, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत. डोक्यावर काळी टोपी. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही घरटं न करता, उघड्या जमिनीवर. मेंढराचा पाय पडला किंवा कुत्र्याने हुंगलं, की त्या वर्षाचा विषय संपला. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना; उडताना समोरची विजेची तार दिसेपर्यंत एवढं जड अंग वळवायला उशीर झालेला असतो.

सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं. कागदावरचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं आली, शेतं आली, रस्ते आले. जमिनीचे व्यवहार अडू लागले, तसा माळढोकाचं नाव काढताच लोकांच्या कपाळाला आठी पडायला लागली. पाखराचा काय दोष? पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर बरेच माळ नांगराखाली गेले होते. २०११ पासून हा पक्षी जागतिक लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. देशात उरलेत दीडशेच्या आसपास, बहुतेक जैसलमेरकडे. तिथल्या प्रजनन केंद्रांत अंडी उबवून पिल्लं वाढवतात. नान्नजला एखादा दिसला तर बातमी होते.

आता आंबोली. हिरण्यकेशी नदी जिथे गुहेतून बाहेर येते तिथे महादेवाचं देऊळ, पुढे कुंड. त्यात तळाशी दगडगोट्यांत वावरणारा, करंगळीहून लहान, तोंडाशी बारीक मिशा असलेला मासा. शास्त्राच्या दप्तरी त्याची नोंद झाली २०२० मध्ये: शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. क्षेत्र २.११ हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वापाच एकर. एवढं रान सोलापुरात एकेका शेतकऱ्याचं असतं.

मला विचाराल तर सव्वापाच एकरांचा हा कागद त्या आठ हजारांच्या कागदापेक्षा खरा. देवाचं पाणी म्हणून ते लोकांनी आधीच जपलं होतं. सरकारने शिक्का मारला. पण माळढोक संपत यायला कित्येक दशकं लागली. या कुंडाला एक वाईट दिवस पुरेल.

तेव्हा आंबोलीला जाल तर दर्शन घ्या, पण कुंडात साबण लावू नका, निर्माल्य टाकू नका आणि पुण्य म्हणून बाहेरचे मासे तर मुळीच सोडू नका.