युंगफ्राऊचा बर्फ आणि विम्याची तारीख

थून आणि ब्रिएंझ या दोन तळ्यांच्या मध्ये वसलेले इंटरलाकेन भारतीय प्रवाशांना परके वाटत नाही. स्वित्झर्लंडला हिंदी पडद्यावर आणणाऱ्या यश चोप्रांचा पुतळाही २०१६ पासून इथे उभा आहे. इथून निघणारी गाडी हिरवी कुरणे आणि लाकडी घरे मागे टाकत वर चढते. मग आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातला सुमारे सात किलोमीटरचा बोगदा लागतो. सोळा वर्षे खपून १९१२ साली हा मार्ग पुरा झाला. शेवटचे स्थानक युंगफ्राऊयोख, उंची ३,४५४ मीटर. बाहेर पाऊल टाकले की समोर आलेच हिमनदीचा पांढराशुभ्र पट्टा!

मात्र इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. चार जिने चढताना पुण्यात लागत नाही तेवढी धाप इथे चार पावलांत लागते. आयुष्यभराची पुंजी मोडून साठीनंतर युरोप पाहायला निघालेल्या जोडप्यांपैकी कित्येकांच्या पिशवीत रक्तदाबाच्या नाहीतर मधुमेहाच्या गोळ्या असतात. नेमकी हीच गोष्ट विम्याच्या अर्जात लिहायची राहते. ‘काही लिहू नका, उगाच हप्ता वाढेल,’ असा सल्ला देणारा शेजारी किंवा एजंट कुठेही भेटतो. हा सल्ला फार महागात पडतो.

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले तरी २००८ पासून शेंगेन व्यवस्थेत आहे. त्यामुळे व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि तो सर्व शेंगेन देशांत चालावा लागतो. वकिलातीत रक्कम आणि तारखा तपासल्या जातात. कोणता आजार वगळला आहे, हे पाहण्याचे काम प्रवाशाचे. व्हिसा मिळाला म्हणजे विमा परिपूर्ण, हा समज म्हणूनच खोटा.

आणखी एक घोटाळा घरच्या आरोग्य विम्यामुळे होतो. भारतातल्या पॉलिसीत जुन्या आजारासाठी ठराविक काळ थांबावे लागते; २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त तीन वर्षे. तो काळ कधीच उलटला म्हणून मंडळी निर्धास्त असतात. प्रवास विम्याला ती मुदत लागू नाही. त्यात बहुधा पूर्वीच्या आजारावरचा खर्च सरळ वगळलेला असतो. काही पॉलिसी जीव धोक्यात आला तर प्रकृती स्थिर होईपर्यंतचा खर्च देतात, तोही एका मर्यादेपर्यंत. काही कंपन्या जास्त हप्ता घेऊन अधिक संरक्षण देतात. पण या सवलती आजार सांगणाऱ्यालाच. मधुमेह लिहून दिलेला माणूस बर्फावर घसरून पाय मोडून बसला, तर त्या मोडलेल्या हाडाचा मधुमेहाशी संबंध नसतो आणि दावा उभा राहतो. तोच आजार लपवलेला असेल, तर कंपनीच्या हाती आयते कारण मिळते. डोंगरावरून हेलिकॉप्टरने खाली आणावे लागले, तर त्याचे बिलही रुग्णाकडे किंवा त्याच्या विमा कंपनीकडे येते.

आता तारखांचे. मुंबईहून युरोपची पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. दहा तारखेच्या पहाटेचे विमान म्हणजे घरून निघायचे नऊला. पॉलिसी नऊपासूनच घ्यावी. परतताना झुरिकहून रात्री निघालेले विमान दुसऱ्या दिवशी उतरते, तो दिवसही धरावा. एका दिवसाच्या हप्त्यात फारसे काही जात नाही. वर्षभराची पॉलिसी घेणाऱ्यांनी तर जास्तच लक्ष द्यावे. वर्ष पूर्ण चालले, तरी एका प्रवासाला तीस, पंचेचाळीस किंवा साठ दिवसांची मर्यादा असते. लेकीच्या बाळंतपणासाठी चार महिने जर्मनीत राहायचे म्हटले, तर ती पुरणार नाही. आणि शेंगेनचा पर्यटक व्हिसाही १८० दिवसांत ९० दिवसांपलीकडे राहू देत नाही.

मुक्काम वाढवायचा असेल, तर जुनी मुदत संपण्याआधी कंपनीला कळवावे लागते. मधल्या काळात उपचार घेतले असतील, तर तेही सांगावे लागते. मुदतवाढ मिळाली, तरी पहिल्या मुदतीत उद्भवलेले दुखणे दुसऱ्या मुदतीत ‘पूर्वीचा आजार’ ठरू शकते. हे कलम पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरांत असते. चष्मा लावून ते निघण्यापूर्वी घरीच वाचावे.