‘थ्रिल’ला मराठीत काय म्हणावे?

डायलिसिसच्या रुग्णाला फिस्टुलाची निगा शिकवताना पहिली अडचण भाषेची येते. हातातील धमनी आणि शीर जोडण्याची ही शस्त्रक्रिया ब्रेशिया, चिमिनो आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. जोडावर बोटे ठेवली की जे कंपन जाणवते, त्याला डॉक्टर ‘थ्रिल’ म्हणतात. ‘स्पंदन’ येथे अपुरे पडते. स्पंदन ठोक्याठोक्याने येते, हे अखंड चालते. माझ्या आईने तंत्रज्ञ मुलीला सांगितले, “फिरत्या जात्यावर हात ठेवावा तसं लागतंय गं.” इतका नेमका शब्दप्रयोग मला कोणत्याही परिभाषाकोशात मिळाला नसता. “काकू, ही घरघर रोज तपासायची. थांबली, तर लगेच फोन करायचा, उद्याची वाट बघायची नाही,” मुलगी म्हणाली. रक्ताची गुठळी झाली असेल, तर तासांनाही किंमत असते.

त्या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, तपासणीचे रक्त काढू द्यायचे नाही. डॉक्टरांपुढे आयुष्यात कधी ‘नाही’ न म्हटलेल्या बाईला हे नकार पाठ करावे लागले. (तेही ती करारीपणे म्हणू लागली!) अवघड ठरली ती एकच सूचना, घट्ट बांगडी नको. इंग्रजी पत्रकात ती घड्याळाशेजारी सहज बसते. आई मात्र हळदीकुंकवाला जाताना डावा हात पदराखाली घेऊ लागली.