वाफ अजून उठते

दसरा-दिवाळीच्या सुमारास नेवासा तालुक्यात, भेंड्याला आणि सोनईला, साखर कारखान्यांच्या बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. पूजा होते, फुले वाहिली जातात आणि भट्टीत पहिला जाळ पडतो. पुढे गव्हाणीत मोळी पडते, गळीत सुरू होते आणि पहाटेच्या गारठ्यात भोंग्याचा आवाज शिवारभर पसरतो. हवेला उकळत्या रसाचा उबदार, गोडसर वास येऊ लागतो. मला हा वास फार प्रिय आहे. वाफेचे युग संपले असे पुस्तके म्हणतात, पण प्रवरेच्या खोऱ्यात ते दर हिवाळ्यात नव्याने सुरू होते.

रस निघाल्यावर उरलेले बगॅस बॉयलरमध्ये जळते, त्यावर पाण्याची वाफ होते. ही कोंडलेली वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि जोर ओसरला की रस आटवायला जाते. ऊसच उसाला शिजवतो.

टर्बाइन मात्र आपले काम पोलादी कवचाआड करते. त्याआधीच्या इंजिनांचे सगळे उघड्यावर चाले. सिलिंडरमधून पिस्टनचा दांडा सरकताना दिसे, त्याच्या रेट्याने माणसाहून उंच फ्लायव्हील फिरे, आणि वेग वाढला की गव्हर्नरचे दोन गोळे फाकून वाफेला आवर घालत. शक्ती कुठून येते, कुठे जाते, हे न शिकलेल्या माणसालाही नुसते बघून कळे. नंतरच्या कोणत्याच यंत्राने माणसाला इतक्या मोकळेपणाने आपले मन दाखवले नाही.

मुंबईची पहिली कापड गिरणी 1856 मध्ये सुरू झाली ती वाफेवरच. त्यानंतर कितीतरी वर्षे गिरण्यांचे साचे अशाच इंजिनांनी फिरवले. 1915 मध्ये टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून घाटावरच्या पाण्याची वीज मुंबईत आली, आणि एकेका गिरणीतले इंजिन थांबत गेले. गिरणगावात आज काही चिमण्या उभ्या आहेत. त्यांच्या पायथ्याशी धडधडणारी इंजिने बहुतेक भंगारात गेली. इंग्लंडमध्ये बर्नलीच्या क्वीन स्ट्रीट मिलमध्ये ‘पीस’ नावाचे 500 अश्वशक्तीचे इंजिन जपलेले आहे. तिकडेच क्रॉफ्टनला कालव्यात पाणी चढवणारे 1812 चे इंजिन मूळ जागीच आहे आणि ठरावीक दिवशी आजही वाफेवर चालवले जाते. ती गावे काही आपल्याहून श्रीमंत आठवणींची नाहीत.

जपणे म्हणजे काय, हे नेवाशाला कोणी शिकवायला नको. 1954 ते 56 या काळात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांच्या देखरेखीखाली इथे उत्खनन झाले, तेव्हा एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या आत ओवलेला धागाही टिकून होता, सुमारे तीन हजार वर्षांचा. आणि शके 1212 मध्ये ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तो पैस खांब आजही उभा आहे. दगड म्हणून त्याचे मोल किती? त्याच्या आधाराने जे घडले, त्यासाठी पिढ्यांनी तो राखला. कोट्यवधी धागे कातणाऱ्या आणि लाखो टन ऊस गाळणाऱ्या यंत्रांना हाच न्याय लावायला हवा.

आता कारखान्यांत ऊस पिळणाऱ्या मिलला टर्बाइनऐवजी विजेच्या मोटारी बसत आहेत. उद्या ही टर्बाइनेही निघतील. सभासद बंधूंनो, भंगाराची निविदा काढण्याआधी एक तरी जुने यंत्र फाटकाजवळ शेडखाली ठेवा. त्याचे कवच एका बाजूने उघडा, म्हणजे शाळेतली मुले आत डोकावतील. ज्यांनी ते चालवले त्या फिटर-फायरमनचे बोल लिहून घ्या. हे काम या हंगामातच सुरू करा.