तीन वाट्यांचा हिशेब

आईच्या दुधाखेरीज बाळाला जे कुठलं दूध पाजलं जातं, त्याला मराठीत एकच नाव आहे: वरचं दूध. गाईचं, म्हशीचं, शेळीचं, डब्यातल्या पावडरीचं, सगळं त्यात आलं. वरखर्च, वरकाम या शब्दांत जो ‘वर’ आहे, तोच मला इथेही ऐकू येतो. मुख्य गोष्ट वेगळी असते आणि हे तिच्या जोडीला येतं. पण मूल वर्षाचं झालं, अंगावरचं कमी करायचं ठरलं, की हे जोडीला येणारंच घरातली मुख्य गोष्ट होऊन बसतं. गाईचं की म्हशीचं, पिशवीचं की गवळ्याचं, देशी गाईचं कुठे मिळेल, की सरळ डबाच आणावा? या प्रश्नावर घरोघरी जेवढी डोकेफोड होते, तेवढी त्याची योग्यता नाही असं माझं मत आहे. वर्ष पूर्ण झालेल्या निरोगी मुलाला घरात सगळ्यांसाठी येणारं साधं, उकळलेलं, पाणी न घातलेलं दूध चालतं. जपायला हवं ते मापाला. दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर, म्हणजे आमटीच्या वाटीने तीन वाट्या. बालरोगतज्ज्ञ साधारण हेच माप सांगतात, पण कोणतं दूध याचं उत्तर ऐकायला कान टवकारलेले असतात, त्यात ‘किती’ हा शब्द निसटून जातो.

माप का पाळायचं, तर लोहासाठी. पोटात असताना शेवटच्या महिन्यांत बाळाने साठवलेलं लोह साधारण सहा महिने पुरतं. पुढचं सगळं ताटातून यावं लागतं. एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज ८ मिलिग्रॅम लोह हवं, अशी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०२० ची शिफारस आहे. लिटरभर दुधात ते फार तर दीड मिलिग्रॅम, बहुधा त्याहूनही कमी. एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण दुधातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन, दुधासोबत खाल्लेल्या वरण-भातातलं लोहही नीट शोषू देत नाहीत. आता पोटाचा हिशेब करा. मलईदार म्हशीचं एक लिटर दूध साडेआठशे ते नऊशे कॅलरी देतं आणि या वयाच्या मुलाची दिवसभराची गरज हजाराच्या आसपास असते. सकाळी बाटलीभर, दुपारी झोपताना, संध्याकाळी बिस्किटं कुस्करून, रात्री झोपमोड झाली की पुन्हा, असं करत लिटरभर दूध पिणाऱ्या मुलाच्या पोटात भाकरीला जागा उरत नाही. फसवणूक अशी की असं मूल गुटगुटीत दिसतं. वजनाचा काटा समाधान देतो, गाल भरलेले असतात आणि हिमोग्लोबिन मात्र खाली गेलेलं असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे या वयातली देशातली ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. महाराष्ट्राचा आकडा ६८.९ होता आणि त्याआधीच्या सर्वेक्षणात तो ५३.८ होता. याचं खापर दुधावर फोडणं अन्यायाचं ठरेल. आईचा रक्तक्षय, जंत, वारंवार होणारे आजार, गरिबी ही कारणं मोठी आहेत आणि ज्या घरात मुलासाठी पाव लिटर दूधही परवडत नाही, तिथे हा लेख लागूच होत नाही. पण ज्या घरांत दूध कोणतं घ्यावं ही चर्चा होऊ शकते, त्या घरांतली मुलंही रक्तक्षयातून सुटत नाहीत, आणि तिथे दुधाचा वाटा तपासायलाच हवा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: दूध पूर्णान्न आहे, आणि आम्ही शाकाहारी; मुलाला प्रथिनं आणि बी-१२ मिळणार कुठून? आक्षेपातली अर्धी गोष्ट मला मान्य आहे. अंडी-मासे न खाणाऱ्या घरात बी-१२ साठी दुधाला पर्याय जवळपास नाही, म्हणून अशा घरात मुलाचं दूध अजिबात बंद करण्याच्या मी विरोधात आहे. पण मग हिशेब पुरता करा. या वयाला कॅल्शियम लागतं दिवसाला ५०० मिलिग्रॅम आणि साडेचारशे मिलिलिटर दूध तेवढं देतंच. बी-१२ ची गरजही तेवढ्यात साधारण भागते. म्हणजे दुधाने जे द्यायचं ते तिसऱ्या वाटीपर्यंत देऊन झालेलं असतं. चौथी वाटी फक्त जागा अडवते. शिवाय दही, ताक, पनीर हेही याच हिशेबात धरायचे. दुपारी वाटीभर दही-भात झाला असेल तर एक वाटी दूध तिथे खर्ची पडलं. पूर्णान्न हे विशेषण आईच्या दुधाला, तेही पहिल्या सहा महिन्यांपुरतं, शोभतं. वासराच्या आहाराला आपण ते उदार मनाने बहाल केलं आहे.

दुसरा आक्षेप अधिक कळवळ्याचा असतो. मूल जेवतच नाही, दूध तरी पितं ना, तेवढंच पोटात जाईल. इथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे असं मला वाटतं. दोन तासांपूर्वी पाव लिटर दूध पोटात गेलेलं मूल मऊ खिचडीचा घास थुंकतं, म्हणून त्याला पुन्हा दूध दिलं जातं, आणि पुढच्या जेवणाची भूकही त्यात जाते. घरातली आजी किंवा मावशी हे प्रेमानेच करते, म्हणून तोडायला अवघड. करायचं एवढंच, की दूध जेवणाच्या आधी आणि जेवणासोबत न देता दोन जेवणांच्या मधे द्यायचं आणि रात्रीची बाटली आधी कमी करायची. भूक जागी व्हायला काही दिवस जातात. त्या दिवसांत रडारड होते आणि घरातल्या मोठ्यांची परीक्षा असते. मूल आजारी असेल, वजन घटत असेल, तर मात्र हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

आता कोणतं दूध, याला थोडी जागा देतो, कारण तिथे एक चूक खरोखर महागात पडते. दोन वर्षांपर्यंत मेंदू झपाट्याने वाढत असतो आणि मुलाचं पोट छोटं असतं, म्हणून या वयात दुधातली स्निग्धता काढायची नाही. पिशवीवर जे छापलेलं असतं ते वाचलं तर निवड सोपी होते: फुल क्रीममध्ये ६ टक्के स्निग्धांश, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५, टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये १.५. गाईच्या दुधाचं प्रमाण ३.२ च्या वर असतं, आईच्या दुधाचं साडेतीन-चारच्या घरात. थोडक्यात, डबल टोन्ड आणि स्किम्ड सोडून काहीही चालेल. टोन्ड दूध म्हणजे पाणी घातलेलं, कस गेलेलं दूध अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे आणि तिला इतिहास आहे. हा प्रकार मुंबईतलाच. १९४० च्या दशकात, आरे दूध वसाहत उभी करणाऱ्या दारा खुरोडींनी म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि स्किम्ड दुधाची पावडर मिसळून तेवढ्याच दुधात अधिक घरांची सोय केली. पाणी घातलं हे खरं. पण पावडरीने प्रथिनं आणि कॅल्शियम परत भरून काढले, हे लोकांच्या लक्षात राहिलं नाही. घरात म्हशीच्या दुधात तांब्याने पाणी ओतून ते ‘पचायला हलकं’ करतात, तेव्हा परत काहीच भरलं जात नाही. वर्षाच्या मुलाची मूत्रपिंडं आणि आतडी न पातळ केलेल्या दुधाला पुरेशी तयार झालेली असतात. म्हशीचं जड वाटत असेल तर गाईचं किंवा टोन्ड आणावं. म्हशीच्याच दुधाला गाईचं करण्याच्या भानगडीत पडू नये.

देशी गाईच्या, ए-२ दुधाबद्दल लोक माझ्याशी भांडतील याची कल्पना आहे. गीर, खिल्लार, देवणी या गाईंच्या दुधात बीटा-केसीनचा ए-२ हा प्रकार प्रामुख्याने असतो, हे खरं. म्हशीच्या दुधातही तोच असतो, ही गोष्ट मात्र महागड्या बाटलीवर छापलेली नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वेष्टनांवरून ए-१, ए-२ चे दावे काढायला सांगितले आणि पाचच दिवसांत तो आदेश मागेही घेतला, तेव्हा सरकारदरबारी यातला गोंधळ किती आहे ते दिसलंच. मला तर तो पैसा अंडी, डाळ आणि फळांत घातलेला अधिक शहाणपणाचा वाटतो. शेळीचं दूध हलकं असतं म्हणतात. त्यात फोलेट फार कमी असतं, केवळ त्याच्यावर वाढणाऱ्या मुलांना वेगळ्याच प्रकारचा रक्तक्षय होऊ शकतो. आणि गवळ्याकडचं निरसं दूध, कितीही ओळखीचा गवळी असला तरी, उकळूनच. ब्रुसेला आणि क्षयाचे जंतू ओळखदेख पाहत नाहीत.

राहिला डबा. दुकानात तिसऱ्या-चौथ्या टप्प्याचे डबे हारीने मांडलेले असतात आणि त्यांच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे: त्यांत लोह घातलेलं असतं. हा मुद्दा उडवून लावणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांच्या पूरक आहाराबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात एक ते दोन वर्षांच्या मुलाला प्राण्याचं दूध चालेल आणि असे पुढच्या टप्प्याचे डबे देऊ नयेत, असं स्पष्ट म्हटलं. यातल्या बऱ्याच डब्यांत गोडवा असतो आणि गोड दुधाची सवय लागलेल्या जिभेला डाळ-भात बेचव लागतो. लोहच हवं असेल तर ते ताटात वाढता येतं: अंडं, मटणाचा किंवा खिम्याचा मऊ घास, मुगाची डाळ, आणि शाकाहारी घासावर पिळलेलं लिंबू, कारण क जीवनसत्त्वाने त्यातलं लोह अंगी लागतं. त्याउपर ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचं औषध द्यायची तरतूद आहे. आशाताईंकडून ते फुकट मिळतं. डब्यासाठी हजार रुपये मोजणारी घरं हे औषध दात काळे होतील म्हणून फडताळात ठेवून देतात, याचं मला कोडं वाटतं. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो कडक झाला, त्याने दोन वर्षांखालच्या मुलांच्या अशा पदार्थांच्या आणि दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीला बंदी घातली आहे. कायद्याने बाटलीला डब्याच्या पंगतीत बसवलं, ते उगाच नव्हे. बाटलीने दूध मोजणं सुटतं, मूल अर्धवट झोपेत पीत राहतं, आणि दातांना कीड लागते ती वेगळीच. आपल्याकडे चोचीचं बोंडलं होतं, वाटी-चमचा होता. वर्षाचं मूल तर छोट्या पेल्याने पिऊ शकतं. दोन वर्षांपर्यंत त्यात साखर घालायची नाही.

अपवाद आहेत. दूध प्यायल्यावर अंगावर गांधी उठणं, वारंवार उलट्या, शौचातून रक्त हे प्रथिनाच्या ॲलर्जीचं लक्षण असू शकतं. तिथे गाईऐवजी शेळी हा उपाय नाही, कारण दोन्हींची प्रथिनं पुष्कळ सारखी असतात. अशा मुलासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेला खास डबाच योग्य, आणि वरचा सगळा युक्तिवाद तिथे गैरलागू. बदामाचं ‘दूध’ही तिथे पर्याय नाही, ते तर मुख्यतः पाणीच.

शेवटी एक गोष्ट, जी खरं तर आधी विचारायला हवी होती: अंगावरचं आत्ताच तोडायचं का? जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजायला सांगते. दुसऱ्या वर्षात मुलाला लागणाऱ्या ऊर्जेचा जवळपास तिसरा हिस्सा आईचं दूध देऊ शकतं. यावर नोकरी करणाऱ्या बायका चिडतात आणि त्यांचं चिडणं रास्त आहे. सव्वीस आठवड्यांची रजा केव्हाच संपलेली असते. कायद्याने मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन सुट्ट्या दिल्या आहेत, पण ठाण्याहून फोर्टला लोकलने जाणारीने त्या सुट्टीत मुलापर्यंत पोचायचं कसं? त्यामुळे ज्या आईला थांबायचं आहे तिने अपराधी न वाटता थांबावं. मात्र ज्यांना थांबायचं नाही, पण घरचे म्हणतात ‘आता वर्षाचा झाला, तोडून टाक’, त्यांनी सगळं किंवा काहीच नाही असं धरून चालू नये. सकाळी निघण्यापूर्वी आणि रात्री घरी आल्यावर अंगावर पाजता येतं, दिवसाचं पेल्याने देता येतं. तसं केलं तर तीन वाट्यांतली एखादी वाटीही कमी करता येते.